आहेराची कॅसेट

अक्काच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली होती. तिच्या लग्नाच्या दोन व्हिडिओ कॅसेटी गावाकडच्या घरी, धाकट्या भावाच्या ट्रंकेत, गोधड्यांखाली पडून होत्या. त्यांची डीव्हीडी करून अक्काला द्यायची असं मी ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण आमच्या घरात सगळ्यांत आधी शिकलेला मी, भालकीत हायस्कूलला गणित शिकवणारा मी, घरात कॉम्प्युटर असलेलाही मीच. असली कामं आपसूक माझ्याकडे येतात, आणि खरं सांगायचं तर ती आली की मला बरं वाटतं. चार लोकांत ‘सरांनी केलं’ असं म्हटलेलं कुणाला नको असतं?

पण कॅसेट लावायला व्हीसीआरच कुठे मिळेना. एके काळी भालकीत टीव्ही-व्हीसीआर भाड्याने देणारी दुकानं होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. शेवटी उदगीरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे चालू व्हीसीआर सापडला. तो माझ्या हातात देण्याआधी त्यांनी मला समोर बसवून त्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, कसं पुसायचं ते दाखवलं. कोऱ्या कागदाची पट्टी घ्यायची, तिच्यावर दोन थेंब स्पिरिट टाकायचं, आणि अलगद हात फिरवायचा. “जोर नक्को लगाव सर,” ते म्हणाले, “हेड गया तो सब गया.” मी विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

बाकीचं काम सोपं होतं. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन वायरी व्हीसीआरला लावायच्या, त्यांचं दुसरं टोक काडेपेटीएवढ्या एका डबीला, आणि डबी कॉम्प्युटरला. मात्र तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला तीन तासच लागतात. तिथे घाई चालत नाही. आणि मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, आणि मे महिन्यात भालकीत लाईट किती असते हे भालकीच्या माणसाला सांगायला नको.

पहिली कॅसेट मी तिसऱ्या खेपेला पूर्ण उतरवली. पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या आल्या, मग आडव्या रेघा, आणि मग एकदम आमचं अंगण. हिरवा मंडप. मंडपाच्या खांबाला एक हात लावून वडील उभे होते. पांढरा सदरा, नवं धोतर. कॅमेरा आपल्यावर आहे हे त्यांना कळलं होतं, पण हसावं की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून ते खांबाचंच काहीतरी बघत असल्याचं दाखवत होते. आई कळशी घेऊन आडवी गेली. कोणीतरी हाक मारली असावी, ती वळली, आणि पुन्हा गेली. दोघांनाही जाऊन बरीच वर्षं झालीत. फोटोतले आईवडील मी रोज बघतो, पण चालणारी आई मी विसरून गेलो होतो. ती डाव्या पायावर जरा जोर देऊन चालायची. हे मला आठवतच नव्हतं. मी रडलो. बायको चहा घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच परत गेली.

एका गोष्टीचा मात्र तेव्हा राग आला. त्या काळी शूटिंगवाल्यांची एक पद्धत होती, तिला ते मिक्सिंग म्हणायचे. लग्न झाल्यावर ते कॅसेट घेऊन जायचे आणि तिच्यावर सिनेमाची गाणी चढवून आणायचे. नवरीचा चेहरा फिरत्या बदामात, नवरदेव धबधब्यापाशी, असं सगळं. आमच्या लोकांना ते फार आवडायचं. वंदना चालू आहे, सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे आहेत, अक्काचे ओठ पंचशील म्हणताना हलतायत, आणि वरून कुठलं तरी बागेतलं गाणं. आई वळून काहीतरी बोलते आणि ऐकू येतो तो तबला. तीन तासांत आमच्या घरातल्या एकाही माणसाचा आवाज नव्हता.

दुसरी कॅसेट नुसती आहेराची होती. ज्यांनी आमच्याकडची लग्नं बघितलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अक्षता पडल्या, जेवणं उरकत आली की नवरा-नवरीला खुर्च्यांवर बसवतात आणि पाहुणे एकेक करून आहेर घेऊन येतात. शेजारी माइक धरून एक माणूस उभा असतो. तो ओरडून सांगतो की अमक्या गावच्या अमक्यांकडून नवरीला पातळ, नवरदेवाला टॉवेल-टोपी, एक पितळी तांब्या. सगळ्या गावाला ऐकू जातं. ज्याचं नाव पुकारलं तो कॅमेऱ्याकडे बघत क्षणभर थांबतो आणि खाली उतरतो. मग दुसरा. हे दोन-दोन तास चालतं.

आमच्या गल्लीत हे पुकारायचं काम ठरलेलं होतं. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही मोठे अप्पा म्हणायचो, त्यांच्याशिवाय माइकला दुसऱ्याचा हात लागत नसे. शाळा चौथीपर्यंत, पण आवाज असा की माइक बिघडला तरी काम अडायचं नाही. चौकापासून तळ्यापर्यंत ऐकू जायचा. आजूबाजूच्या चार खेड्यांतले लोक त्यांना लग्नाला आधी आवाजासाठी बोलवायचे, नात्यासाठी मागाहून. पुढे त्यांना पॅरालिसिस झाला आणि नेमकी वाचाच गेली. दीड वर्ष ते खाटेवर पडून होते आणि घशातून नुसता ‘आं आं’ आवाज यायचा. ते गेले त्याला, मी डीव्हीडी करायला बसलो तेव्हा, चार वर्षं होऊन गेली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी दुसरी कॅसेट लावली, उतरवायचं बटण दाबलं, स्पीकर बंद केला आणि जेवायला गेलो. जेवून झोपलो. उठलो तेव्हा कॅसेट संपली होती. मध्ये दोन-तीन ठिकाणी उघडून बघितलं, तर माणसं येतायत, ताट-तांब्या देतायत, जातायत. एका कडेला माइक धरलेला मोठ्या अप्पांचा हात.

डीव्हीडीत चांगल्या चित्राचे दोनेक तास मावतात. माझ्याकडे पाच तास होते. मी पहिल्या कॅसेटीतलं तासभराचं कमी केलं आणि दुसरी अख्खी उडवली. आजही कोणी विचारलं तर मी सांगू शकतो की जागा नव्हती. पण दुसरी कोरी डिस्क माझ्या टेबलावरच पडलेली होती. खरं कारण वेगळं होतं. अक्काचं सासर गुलबर्ग्याचं, तेव्हापासूनच नोकरदारांचं, आता तर तिची मुलं बंगळुरात मोठ्या कंपन्यांत. त्यांच्या घरात, मोठ्या टीव्हीवर, आमचे पाहुणे एक-एक स्टीलचा ग्लास घेऊन येणार आणि ते माइकवर पुकारलं जाणार, हे मला नको वाटलं. मी व्याख्यानांत आहेराच्या प्रथेविरुद्ध बोलतो. लग्नपत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायला लावतो. त्यामुळे हे कापताना आपण सुधारणाच करतोय असंही मनाला पटवता आलं. पण ती लाज होती, दुसरं काही नव्हतं. आपल्या माणसांच्या गरिबीची लाज.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अक्का आणि दाजी गावी आले. मी शाळेचा प्रोजेक्टर मागून नेला होता. भावाच्या अंगणात पांढरी चादर बांधली, आणि दिवस मावळल्याबरोबर सगळी गल्ली जमली. लोक हसले, हळहळले. ‘ह्यो बघ, ह्यो बघ’ करत गेलेल्या माणसांना बोटं दाखवत होते. सगळ्यांत पुढे, अगदी चादरीला नाक लागेल इतक्या जवळ, मोठी माय बसली होती. मोठी माय म्हणजे मोठ्या अप्पांची बायको, माझी चुलती. तिचं माहेर दुबलगुंडी, म्हणून सगळं गाव तिला दुबलगुंडीवाली म्हणतं. मूलबाळ नाही. मोठे अप्पा गेल्यापासून एकटीच राहते, एकटीच एकरभर रान करते. ती दोन तास जागची हलली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही.

शेवटचं चित्र गेलं, चादर नुसती पांढरी झाली, लोक उठले. ती बसूनच होती.

“संपलं व्हय रे?” तिने मला विचारलं.

“संपलं, मोठी माय.”

“अन् आहेराचं?”

“ते काढून टाकलो. दोन तास नुसते टॉवेल-टोप्या. कोण बघतंय?” मी हसत म्हणालो. अक्काही हसली.

मोठी माय गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरी गेली. मला वाटलं, तिला झोप आली असेल.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलीचं बारावीचं वर्ष, तिच्या शिकवणीचे व्हिडिओ ठेवायला कॉम्प्युटरवर जागा पाहिजे होती. लग्नाच्या मोठमोठ्या फायली मी पुसून टाकल्या. कॅसेटी भावाकडे दिल्या आणि म्हटलं, आता यांचं काही काम नाही, टाकून दे. व्हीसीआर चाचांना परत नेऊन दिला. हे सगळं मी इतक्या नीटनेटकेपणाने केलं की आज आठवलं तरी स्वतःचा संताप येतो.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी सकाळी मोठी माय भालकीला आमच्या दारात उभी. ती कधी एकटी येत नसे. हातात पिशवी, पिशवीत हुरडा आणि जवसाची चटणी. बायकोने चहा केला. मोठी माय मुलीच्या अभ्यासाचं बोलली, बसच्या गर्दीचं बोलली, दाढ दुखते म्हणाली. मी पेपर तपासत होतो आणि मधून मधून हं हं करत होतो. बायको आत गेल्यावर ती खुर्चीवरून उठून माझ्या टेबलाशी आली.

“तुझ्या ह्या कंप्युटरात आहेराचं आसंल न्हवं?”

“कामून गं?”

“मला ऐकायचंय.”

मी पेन खाली ठेवलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सत्तरी ओलांडलेली बाई, आणि ती लाजत होती.

“तुला तवाचं ठावं न्हाई,” ती म्हणाली. “तू आत पंगतीत वाढायलतास. मी अक्काला इरकल लुगडं घेतले होते. माझ्या मोलमजुरीचं, माझ्या हातानं घेतलेलं. मी वर चढले, अन् ह्येंच्या हातात माइक. आता पुकारावं कसं? सवताचंच नाव सांगितले तर लोक हसतील. हे गप. तर मागून सगळ्या बाया वरडायल्या, लुगडं कुनाचं हाय त्येंचं नाव घ्या, त्येंचं नाव घ्या. हे घाम पुसायले. अन् मग घेतले की रे.”

“काय घेतलं?”

“माझं नाव.”

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

“सवसारात त्येंनी मला कधी नावानं हाक मारली न्हाई. अगं, ऐकलीस का, न्हाईतर दुबलगुंडी. मी उखान्यात किती डाव त्येंचं घेतलं. त्येंनी येकदाच. अन् ते बी माइकवर, सगळ्या गावाम्होरं. घरी आल्यावर दोन दिस माझ्याकडं बघितले न्हाईत बघ, येवढे लाजले होते.” ती हसली. मग म्हणाली, “त्येंची वाचा गेल्यावर मी कानाशी बसून म्हनायची, येकडाव म्हना की. तर नुसतं आं आं करायचे. डोळ्यातून पानी यायचं. मग म्या म्हनायचं सोडून दिलं. तू चादरीवर दावलास त्या दिशी मला वाटलं, आता येतंय. आता येतंय.”

मी तिला खरं सांगायला हवं होतं. “बघतो मोठी माय,” मी म्हणालो. “शोधावं लागेल. जरा वेळ लागेल.” ती खूश झाली. जाताना मुलीच्या हातावर पेढा ठेवून गेली.

नंतर माझ्या लक्षात आलं आणि मी डोकं धरून बसलो. आहेर लांबलचक असायचा, म्हणून शूटिंगवाले त्याच्यावर गाणी चढवायचा त्रास घेत नसत. तेवढ्याच भागात खरा आवाज राहायचा. म्हणजे आमच्या घरातल्या माणसांचे आवाज फक्त त्याच कॅसेटीत होते. वडील कुणाला ‘या, या’ म्हणाले असतील. आई अक्काला पाणी पी म्हणाली असेल. आणि मोठ्या अप्पांचा तो आवाज तर सलग दोन तास. जे ठेवलं ते मुकं होतं, आणि जे बोलत होतं ते मी स्पीकर बंद करून उतरवलं आणि न ऐकताच पुसलं.

पुसलेलं परत मिळतं असं ऐकून होतो. भालकीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने हार्डडिस्क दोन दिवस ठेवून घेतली. त्याला लग्नाच्या फायलीचं नाव सापडलं, आत काही नव्हतं. त्या जागेवर आता सेंद्रिय रसायनशास्त्राचे धडे होते. “सर, तुम्ही लगेच आणायचं होतं,” तो म्हणाला. मुलांना हेच वाक्य मी वर्षातून शंभरदा ऐकवतो.

मग भावाला फोन केला. कॅसेटी कुठे आहेत?

“त्या व्हय? त्या रानात बांधलो की अण्णा.”

“रानात?”

“ज्वारीला. पाखरं लई झालीत औंदा. आतली फीत काढून खुट्या रोवून बांधलो चहूकडनं. वाऱ्यानं आवाज करती, उन्हात चमकती, पाखरू फिरकंना. लई कामाची निघाली. आणखी हायत का तुझ्याकडं?”

मी फोन ठेवला. टाकून दे असं त्याला मीच सांगितलं होतं. त्याने टाकली नाही, उलट कामाला लावली.

पुढच्या रविवारी पहिल्या बसने गावी गेलो. भाऊ बाजाराला गेला होता. मी एकटाच रानात गेलो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली. कडेने तुराट्यांच्या खुट्या, आणि एका खुटीपासून दुसरीपर्यंत ती काळी फीत ताणलेली. वारा आला की गुंगुं असा बारीक आवाज व्हायचा. काही ठिकाणी ती तुटून कणसांत अडकली होती, काही ठिकाणी पीळ पडून दोरीसारखी झाली होती. कुठली पहिल्या कॅसेटीची आणि कुठली दुसरीची, सांगायची सोय नव्हती. मी एक टोक सोडलं आणि फीत हातावर गुंडाळायला लागलो. गुंडाळता गुंडाळता बोटांना तपकिरी भुकटी लागायला लागली. चित्र आणि आवाज असतो तो त्या भुकटीत. खाली उरतं ते नुसतं प्लास्टिक. हे मला चांगलं माहीत होतं, तरी मी गुंडाळत राहिलो.

“काय गोळा करायलास रे?”

मोठी माय बांधावर उभी होती. तिचं रान शेजारीच. डोक्यावर फडकं, हातात गोफण. मला खोटं बोलायला काही सुचलं नाही. बांधावर तिच्याजवळ जाऊन मी सगळं सांगितलं. कापलं कसं, पुसलं कसं, कॅसेटी दिल्या कशा. आहेराची मला लाज वाटली होती हेही सांगितलं. तिने मला शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. तिची जीभ गावात प्रसिद्ध आहे.

माझ्या हातातली फीत तिने घेतली, उन्हाकडे धरून बघितली, उलटी करून बघितली.

“ह्येच्यात होते व्हय ते?”

“होते.”

“अन् आता?”

मी नाही अशी मान हलवली. तिने फीत परत दिली आणि हात लुगड्याला पुसला. मग बांधावर बसली. मीही बसलो. मला माफ कर म्हणावं असं वाटलं, पण आमच्याकडे घरातल्या माणसाला असं म्हणत नाहीत, आणि म्हणून काही होणारही नव्हतं.

“तू म्हन,” ती एकदम म्हणाली.

“मी?”

“तुझा आवाज त्येंच्यावानी हाय म्हनत्यात. मागं गावच्या शाळेच्या कार्यक्रमात माइकवर बोललास तवा मलाबी तसंच वाटलं. त्येंनी पुकारले तसं पुकार. येकडाव.”

मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी उठून उभा राहिलो. घसा साफ केला. मोठे अप्पा पुकारायचे तो ठेका माझ्या कानात पक्का होता, लहानपणी आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

“ऐका हो ऐका,” मी मोठ्याने सुरू केलं, “नवरीच्या थोरल्या चुलतीकडून नवरीला इरकल लुगडं, देणार...”

आणि मी थांबलो.

मला तिचं नाव माहीत नव्हतं.

माझं वय सत्तेचाळीस. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, शाळेत जाताना भाकरी बांधून दिली, माझ्या लग्नात हळद लावली. मी मोठी माय म्हणायचो, आई दुबलगुंडीअक्का म्हणायची, गाव दुबलगुंडीवाली म्हणायचं. मतदार यादीत असणार, रेशन कार्डावर असणार, पण मी कधी वाचलं नाही. वाचायचं मनातही आलं नाही.

“थांबलास कामून?”

“मोठी माय,” मी खाली बघत विचारलं, “तुझं नाव काय गं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“तुलाबी ठावं न्हाई,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग तिने पदर तोंडाशी धरला आणि अगदी हळू, शेजारी कुणी ऐकेल अशा भीतीने, नाव सांगितलं. चार अक्षरांचं, साधं, जुनं नाव. ते मी इथे लिहीत नाही. ते घ्यायचा हक्क माझा नाही.

मी पुन्हा सुरुवात केली आणि या खेपेला शेवटपर्यंत पुकारलं. आवाज मोठा लागला. ज्वारीतून दहा-पंधरा पाखरं भर्रकन उठली आणि तिच्या रानाकडे गेली. तिने डोळे मिटले होते. ओठ आत ओढून घेतले होते.

“पुन्यांदा म्हन.”

मी पुन्हा पुकारलं. यावेळी ते घाबरले असतील तसं मध्ये थोडं अडखळलोही, खाकरलोही. जमेल तितकं केलं. पण शेवटचं अक्षर नीट निघालं नाही.

तिने डोळे उघडले. मान हलवली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, मी लहान असल्यासारखं समजावत ती म्हणाली, “न्हाई रे लेकरा. आसं न्हवं. ते आधी माझ्याकडं बघितले होते. मग म्हनले.”